चॅपेल रो, घर नंबर ४

ब्रिटनमधल्या वेल्सची राजधानी कार्डिफ, तिथे मुलाच्या घराशेजारी एक आजोबा राहतात. सकाळी कुंपणाची झाडं छाटताना ते गुणगुणायचे. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराची खिडकी उघडून नीट ऐकलं. कोमल गंधाराची, गंभीर चाल होती, पण काहीतरी अपुरं वाटत होतं. एका सुरावर ते बराच वेळ थांबायचे, मग दोन सूर खाली उतरायचे, पुन्हा थांबायचे. मी साताऱ्याला शाळेत २६ वर्षं संगीत शिकवलं आहे. कुणी गाताना अडलं की माझा जीव अडकतो.

"अगं आई, खिडकीतून कशाला, सरळ विचार की त्यांना," मुलगा म्हणाला.

विचारलं. आजोबा हसले. म्हणाले, चाल वरचे लोक गातात, मी बेस आहे, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, मी माझी ओळ गातो. म्हणजे रोज सकाळी ते चौथा हिस्सा गात होते आणि उरलेले तीन हिस्से त्यांना मनात ऐकू येत होते! त्या चालीचं नाव 'अ‍ॅबरिस्टविथ', आणि ती करणाऱ्याचं नाव जोसेफ पॅरी, एकोणिसाव्या शतकातला वेल्श संगीतकार. आमच्या तीन आठवड्यांच्या मुक्कामात किल्ले आणि दुकानं बघायची ठरली होती. ती यादी तिथेच बाजूला पडली.

पहिल्यांदा गेलो ते पॅरीच्या जन्मगावी, मर्थर टिडविलला. कार्डिफहून लोकल गाडीने साधारण तासाभराचा रस्ता. गाडी टाफ नदीची खोरी चढत जाते. दोन्हीकडे हिरव्यागार टेकड्या आणि त्यांच्या उतारावर रांगेने चिकटलेली घरं. आज बघून खरं वाटत नाही, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मर्थर हे वेल्समधलं सगळ्यात मोठं गाव होतं. १८०१ साली जेमतेम साडेसात हजार वस्ती, १८५१ला ४६ हजार. कवार्थवा, डाउलिस, पेनीडॅरेन आणि प्लिमथ हे लोखंडाचे चार कारखाने म्हणजेच गाव. रुळांवरून धावलेलं पहिलं वाफेचं इंजिन १८०४ साली इथल्याच पेनीडॅरेनहून निघालं.

चॅपेल रो ही कारखान्याच्या कुशल कामगारांसाठी १८२५च्या सुमारास बांधलेली घरांची रांग. समोर ग्लॅमॉर्गनशर कालवा, त्यातून लोखंड कार्डिफच्या बंदरात जायचं. घर नंबर ४ मध्ये २१ मे १८४१ला जोसेफचा जन्म झाला. आता तिथे छोटं संग्रहालय आहे. वर्षभर उघडं नसतं, तेव्हा जाण्याआधी चौकशी करून जा. दारात वाकावं लागत नाही, पण आत गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो, इतकी खोली लहान. खालच्या मजल्यावर १८४०च्या दशकातलं कामगाराचं घर मांडून ठेवलंय. मी बराच वेळ चुलीपाशी उभी होते. या घरातलं पोर नवव्या वर्षी कोळशाच्या खाणीत कामाला लागलं आणि मग कवार्थवाच्या भट्ट्यांवर गेलं. आपल्याकडे तिसरीतलं मूल असतं ते नऊ वर्षांचं. तिसरीच्या मुलांना मी 'सा' लावायला शिकवायचे, तेव्हा त्यांचे हात किती मऊ असायचे हे मला आठवत राहिलं.

कारखान्याचे मालक क्रॉशे. त्यांचा कवार्थवा किल्ला जवळच आहे, त्यात आता मोठं संग्रहालय आहे. तो मी अर्ध्या तासात उरकला. मन त्या खोलीतच होतं.

१८५३ला वडील अमेरिकेला गेले, पुढच्या वर्षी आई मुलांना घेऊन गेली. पेन्सिल्व्हेनियातलं डॅनव्हिल हेही लोखंडाचंच गाव, आणि कामगारांत वेल्सचे लोक भरपूर. जोसेफ तिथल्या रोलिंग मिलमध्ये लागला. गळा चांगला होता, पण सतराव्या वर्षापर्यंत त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. ती शिकवली त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांनीच. जॉन एबेल जोन्स आणि जॉन प्राइस अशी या दोन वेल्श कामगारांची नावं, ती मुद्दाम लिहून ठेवते. पाळी संपल्यावर थकल्या अंगाने बसून ज्यांनी या पोराला सूर आणि सुरांची संगत शिकवली, त्यांची आठवण कुणीतरी ठेवली पाहिजे.

वेल्श लोकांत 'आइस्टेद्‌वोद' नावाची जुनी परंपरा आहे. काव्य आणि गायनाची स्पर्धा, मैदानात मांडव घालून, हजारो लोकांसमोर. जोसेफने १८६३ साली स्वान्झीच्या आणि १८६४ साली लँडुडनोच्या आइस्टेद्‌वोदला समुद्रापलीकडून आपल्या रचना पाठवल्या आणि बक्षिसं मिळवली. भट्टीवर काम करणारा हा माणूस कोण, अशी चर्चा झाली. १८६५ला तो स्वतः अ‍ॅबरिस्टविथला आला, तेव्हा त्याला 'पेंकेर्द अमेरिका', म्हणजे अमेरिकेचा गायकश्रेष्ठ, हा किताब मिळाला. मग दोन्हीकडच्या वेल्श लोकांनी वर्गणी काढली आणि त्या पैशांवर तो १८६८ला लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकायला गेला. बायकामुलं असलेला २७ वर्षांचा माणूस विद्यार्थ्यांत जाऊन बसला! तिथले मुख्य स्टर्नडेल बेनेट. पुढे एका मुलाचं नाव त्याने विल्यम स्टर्नडेल ठेवलं. थोरल्याचं नाव आधीच जोसेफ हायडन होतं, आणखी एकाचं मेंडेलसोन, दोन्ही युरोपातल्या थोर संगीतकारांची नावं. कारखान्यातून आलेल्या माणसाचं आपल्या दैवतांवरचं प्रेम त्या नावांत दिसतं.

दुसऱ्या आठवड्यात अ‍ॅबरिस्टविथ. कार्डिफहून थेट गाडी नाही, श्रूजबरीवरून मोठा वळसा पडतो, पण शेवटचा टप्पा समुद्राकडे उतरतो तेव्हा शीण जातो. किनाऱ्याला लागून एक भलीमोठी दगडी इमारत आहे, टोकेरी मनोऱ्यांची. रेल्वेच्या एका कंत्राटदाराने ती हॉटेल म्हणून बांधायला घेतली, त्याचं दिवाळं निघालं, आणि १८७२ साली तिथे वेल्सचं पहिलं विद्यापीठ कॉलेज सुरू झालं. त्यासाठीही गावोगावच्या साध्या लोकांनी चार-चार आणे दिले होते. १८७४ला पॅरी तिथे संगीताचा पहिला प्राध्यापक झाला. २१ मे १८७८ला, म्हणजे ३७ पूर्ण झाले त्या दिवशी, गावातल्या टेंपरन्स हॉलमध्ये त्याचा 'ब्लॉडवेन' हा वेल्श भाषेतला पहिला ऑपेरा झाला. १८८०ला नोकरी सुटली. कॉलेजकडे पैसा नव्हता, आणि पॅरी सतत बाहेर कार्यक्रमांना जातो अशीही कुरबूर होती. पुढे काही वर्षं स्वान्झी, मग १८८८पासून अखेरपर्यंत कार्डिफचं कॉलेज.

त्याने ऑपेरे लिहिले, ऑरेटोरिओ म्हणजे धार्मिक कथेवरच्या मोठ्या गायनरचना लिहिल्या, स्तोत्रांच्या शेकडो चाली बांधल्या. मोठ्या रचना आज क्वचितच कुणी गातं. मला त्याचं वाईट वाटलं, कारण त्याचा जीव त्या मोठ्या रचनांत होता. पण १८७५ची 'मवॅन्वी' आणि १८७६ची 'अ‍ॅबरिस्टविथ' या दोन लहान चाली लोकांच्या गळ्यातून जायला तयार नाहीत.

का, हे मला आजोबांच्या कागदावरून कळलं. त्यांनी मला 'अ‍ॅबरिस्टविथ'ची प्रत आणून दिली. त्यावर पाच रेघा नव्हत्याच. नुसती अक्षरं आणि मध्ये मात्रांचे ठिपके: ड, र, म, फ, स, ल, ट. याला टॉनिक सोल-फा म्हणतात. 'डो' कुठल्याही पट्टीत धरा, बाकीचे सूर त्याच्या नात्याने लागतात. अहो, हे तर आपलं सारेगम! पांढरी एक धरा नाहीतर काळी चार, सा तो सा. पेटी घरात नसलेला, पाश्चात्त्य स्वरलिपी न शिकलेला खाणकामगारही हा कागद हातात धरून आपली ओळ गाऊ शकत होता. एकोणिसाव्या शतकात वेल्सच्या चॅपेलांतून, म्हणजे साध्या प्रार्थनाघरांतून, ही लिपी घरोघर पोचली, म्हणून इथे अख्खी सभा उभी राहून चार आवाजांत गाते.

एक गंमत मात्र मला सोडवावी लागली. कोमल गंधाराची चाल ते 'ल'पासून लिहितात. त्यांचा 'ल' तो माझा सा. मी रात्री वहीत सगळी चाल सरकवून आपल्या सुरांत लिहून काढली. षड्जावरून पायरीपायरीने वर जाऊन ती कोमल गंधाराला भेटते, पूर्वार्धात स्वतःला आवरून धरते आणि उत्तरार्धात एकेक पायरी वर चढत अशी काही आर्त होते की लिहिताना माझा हात थांबला. आसावरी थाटाच्या जवळची, पण मुक्कामाला येताना शुद्ध निषाद लागतो आणि तिथे ती आपली राहत नाही, त्यांची होते.

हीच लिपी दूर आफ्रिकेतही गेली होती. जोहान्सबर्गजवळच्या मिशन शाळेतले शिक्षक इनॉक सोन्टोंगा यांनी १८९७ साली 'न्कोसी सिकेलेल इ-आफ्रिका' रचलं, ते सोल-फातच. त्या चालीवर 'अ‍ॅबरिस्टविथ'ची छाया अनेक अभ्यासकांना दिसते. आज ते दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताचा भाग आहे. आणि पॅरी जन्मला त्याच १८४१ साली थॉमस जोन्स हा वेल्श मिशनरी आपल्याकडे चेरापुंजीला पोचला. खासी टेकड्यांतल्या चर्चमधलं समूहगायन त्याच रोपाचं.

मर्थरहून परत येताना मी मर्थर व्हेलच्या स्टेशनवर उतरले होते. नदीच्या पलीकडे अ‍ॅबरवॅन. २१ ऑक्टोबर १९६६च्या सकाळी सव्वानऊला खाणीतल्या टाकाऊ मातीचा डोंगर घसरून तिथल्या प्राथमिक शाळेवर आला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. टेकडीवरच्या स्मशानभूमीत पांढऱ्या कमानींच्या रांगा आहेत, त्या गाडीतूनही दिसतात. सहा दिवसांनी ८१ मुलांना एकत्र मूठमाती दिली, तेव्हा जमलेल्या हजारो लोकांनी जे स्तोत्र गायलं ते 'अ‍ॅबरिस्टविथ'च्या चालीवरचं प्रसिद्ध स्तोत्र होतं. 'वादळ सरेपर्यंत मला लपव' अशी त्यात विनवणी आहे. चार मैलांवर जन्मलेल्या, नवव्या वर्षी खाणीत उतरलेल्या माणसाची चाल. मी शाळेतली बाई आहे. मला त्या कमानींमधून फार चालता आलं नाही.

पॅरीची समाधी कार्डिफजवळच्या पेनार्थला, टेकडीवरच्या सेंट ऑगस्टिन चर्चच्या आवारात आहे. तो १७ फेब्रुवारी १९०३ला गेला. पांढऱ्या संगमरवरी खांबावर सात तारांची लायर (छोट्या हार्पसारखं जुनं तंतुवाद्य) कोरलीय आणि त्यातल्या दोन तारा तुटलेल्या दाखवल्यात. त्याच्या डोळ्यांदेखत गेलेल्या दोन मुलांच्या त्या तारा: स्टर्नडेल १८९२ला, हायडन १८९४ला.

निघायच्या चार दिवस आधी आजोबा मला त्यांच्या गायनमंडळाच्या तालमीला घेऊन गेले. चॅपेलमागची खोली, लाकडी खुर्च्या, चाळीसेक पुरुष, बहुतेक निवृत्त. कुणी खोकतंय, कुणी चष्मा पुसतंय. मग संचालकांनी बोट वर केलं आणि पियानोशिवाय 'मवॅन्वी' सुरू झालं. (वेल्शमध्ये 'एफ' अक्षराचा उच्चार 'व' होतो, म्हणून मवॅन्वी.) शब्द मिनिडॉग या कवीचे. प्रियकर विचारतो, मवॅन्वी, तुझ्या काळ्या डोळ्यांत हा राग कसला? पुढे तो भांडत नाही, दोष देत नाही. एकदा हात हातात दे, म्हणतो, फक्त निरोप घेण्यापुरता.

इतके दांडगे पुरुष इतक्या हळू गाऊ शकतात हे मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे समूहगीत म्हणजे सगळ्यांनी एकच सूर, जोरात. आयुष्यभर मीही मुलांना तेच शिकवलं. इथे चार वेगळ्या वाटांनी चाललेले आवाज 'फार्वेल' या शेवटच्या शब्दावर येऊन थांबले, आणि शेवटचा सूर कधी संपला ते कळलंच नाही. खोलीतलं घड्याळ ऐकू येत होतं. मग खुर्च्या सरकल्या, चहा आला.

निघायच्या दिवशी सकाळी बाहेर कात्रीचा आवाज आला आणि आजोबांची ती खालची ओळ. मी खिडकी उघडली, वही ओट्यावर ठेवली आणि वरची चाल सारेगममध्ये म्हणायला लागले. कात्री थांबली. क्षणभर काहीच नाही. मग त्यांनी त्यांची ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली.