प्लग बसला, आकडा येईना : बाळाच्या ऑक्सिमीटरचा माझा अनुभव

रक्तातला ऑक्सिजन मोजणारं मशीन, म्हणजे ऑक्सिमीटर, मिळायला काही वेळ लागला नाही. मशीनला जोडायची वायर, म्हणजे प्रोब, मिळवताना मात्र जीव मेटाकुटीला आला. ज्यांच्या घरी काचेतून बाळ यायचं आहे त्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे. शिवाय माझा राग अजून गेलेला नाही, तोही जरा निघेल.

लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे परभणीला आली होती. नात २८ आठवड्यांतच झाली, वजन जेमतेम किलोभर. काचेत ठेवणं, नळीने दूध, छातीशी उघडं धरणं, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, हे सगळं दवाखान्यातल्या पोरींनी जीव लावून केलं. त्याबद्दल तक्रार नाही, म्हणून लिहीतही नाही. वजन दोन किलोच्या पुढे गेलं, तोंडाने दूध घ्यायला लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या. फुप्फुसं अजून कच्ची आहेत, थोडा ऑक्सिजन घरीही लागेल. पण पायाला गुंडाळायचा प्रोब आणि अलार्म असलेला ऑक्सिमीटर दाखवल्याशिवाय मी सोडणार नाही."

ऑक्सिजनचं मशीन भाड्याने लगेच मिळालं. जावई म्हणाले, "आई, ऑक्सिमीटर तर आपल्या घरी आहेच की!" कोविडच्या साथीपासून बोटाला लावायचा चिमटा कुणाच्या कपाटात नाही? पण तो बाळाला चालत नाही. चिमट्याच्या एका बाजूला दोन दिवे असतात, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. समोरच्या बाजूला तो प्रकाश मोजणारा डोळा. ऑक्सिजन असलेलं रक्त इन्फ्रारेड जास्त शोषतं, नसलेलं लाल जास्त शोषतं, आणि दर ठोक्याला त्यात जो चढउतार होतो त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी निघते. बाळाचं बोट काडीएवढं. दिवे आणि डोळा समोरासमोर येतच नाहीत, प्रकाश बोटाच्या बाजूने निसटतो आणि मशीन वाटेल तो आकडा दाखवतं. म्हणून बाळाला पट्टीसारखा प्रोब लागतो, तळपायाच्या कडेला गुंडाळायचा.

इथपर्यंत मला दवाखान्यातच समजलं होतं. संभाजीनगरच्या एका वितरकाला मी फोनवर सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही पाठवलं : दोन किलोच्या बाळासाठी, पायाचा प्रोब, अलार्मसकट. "होऊन जाईल मॅडम," म्हणाला. पैसे आधी घेतले.

एसटीच्या पार्सलने खोकं आलं. मशीन चांगलं होतं, बॅटरीचं, अलार्मचं. सोबत वायर होती ती मोठ्या माणसाच्या बोटाच्या चिमट्याची. फोन केला तर म्हणतो, "बेबी प्रोब एक्स्ट्रा असतो, तुम्ही मशीन सांगितलं होतं." मी जिल्हा परिषदेच्या वित्त विभागातून निवृत्त झालेली बाई. बिल काढून बघितलं. त्यावर नुसतं 'पल्स ऑक्सिमीटर, नग १'. प्रोबचा उल्लेखच नाही, मग भांडायचं कशावर? तेव्हा पहिली गोष्ट लिहून ठेवा : प्रोबची वेगळी ओळ बिलात असल्याशिवाय पैसे सोडू नका.

प्रोबचे वेगळे पैसे भरले. आला तो लहान मुलांचा, मऊ रबरी टोपीचा. पाकिटावर स्वच्छ छापलेलं होतं, १० ते ५० किलो. आमची नात दोन किलोची! "बेबीचाच आहे की काकू," असं तो मला ठासून सांगायला लागला. मॅडमची काकू कधी झाले ते कळलंही नाही. प्रोबच्या पाकिटावर वजन छापलेलं असतं, ते वाचा. तीन किलोच्या आतल्या बाळाचा वेगळा, त्याच्या पुढचा वेगळा.

भांडून भांडून तिसरा प्रोब आला. पट्टीचा, पायाचा, अगदी दवाखान्यात होता तसा. नऊ पिनांचा प्लग मशीनमध्ये सुळकन गेला. मी मनात म्हटलं, सुटलो. पायाला गुंडाळला, लाल दिवा लागला, आणि पडद्यावर नुसत्या रेघा. मध्येच 'सेन्सर तपासा'. नर्सबाईंनी पाय बदलला, पट्टी सैल केली, घट्ट केली. रेघाच.

फोन.

"प्लग बसतंय ना काकू?"

"बसतोय."

"मग झालं की. बाळ हलत असंल."

बाळ गाढ झोपलेलं! मी तोच प्रोब स्वतःच्या करंगळीला गुंडाळून बघितला, जावयांच्या बोटाला बघितला. रेघा. त्याचा व्हिडिओ काढून पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. नंतर उत्तरं आली ती अशी : साहेब बाहेरगावी आहेत. स्टॉक मुंबईहून येतो. दिवाळी होऊ द्या. आणि सगळ्यात कहर म्हणजे, "सील फोडलेला प्रोब परत घेता येत नाही." अरे बाबा, सील न फोडता तो चालतो की नाही हे मला कसं कळणार? याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं आणि मलाही आजतागायत मिळालेलं नाही.

इकडे दवाखान्याचं बिल रोज वाढत होतं. बाळ घरी यायला तयार, पाळणा तयार, सगळं अडलं होतं ते हातभर वायरीपाशी. लेक रात्री फोनवर काही बोलायची नाही, नुसती हुंदके द्यायची. मी तिला "उद्या होतंय बघ" म्हणायची आणि सकाळी पुन्हा त्याच नंबरवर फोन लावून "साहेब आलेत का" विचारायची. थांबून थांबून या मशीनबद्दल बरंच वाचून झालं. हे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलं. म्हणजे पन्नास वर्षं जुन्या तत्त्वाची वायर मला मराठवाड्यात मिळत नव्हती.

सुटका झाली ती जनावरांच्या डॉक्टरांकडे. याच धांदलीत आमच्या कुत्रीच्या गर्भपिशवीत पू झाला, तातडीने ऑपरेशन करावं लागलं. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्याने इथे शिकलेले डॉक्टर गावात बरेच आहेत, ते एक सुख. भूल दिल्यावर त्यांनी तिची जीभ बाहेर ओढली, त्यावर ओल्या गॉजची घडी ठेवली आणि वरून चिमटा लावला. चिमट्याच्या वायरीला शेवटी दोन फाटे. पडद्यावर ९८. मी टाके काढायला गेले तेव्हा पिशवीतून आमचं मशीन आणि प्रोब काढून सरळ त्यांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी प्लग उलटा करून बघितला आणि हसले. "काकू, प्लगवर जाऊ नका. नऊ पिनांचा प्लग कितीतरी कंपन्या वापरतात, पण आतलं वायरिंग ज्याचं त्याचं. किल्ली कुलपात जाते पण फिरत नाही, तसं झालंय हे." पुढे त्यांनी सांगितलं ते मला वितरकाने पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. प्रत्येक प्रोबच्या लाल दिव्याचा रंग बारीकसा इकडेतिकडे असतो. तो नेमका किती, हे मशीनला कळवणारा भाग पुष्कळदा प्रोबच्या प्लगमध्येच असतो. एकाच कंपनीची जुनी आणि नवी पद्धतसुद्धा एकमेकींशी जुळेलच असं नाही. "रेघा आल्या ते बरं झालं," ते म्हणाले, "कधीकधी न जुळणारा प्रोब आकडा दाखवतो, आणि तो चुकीचा असतो."

त्यांचा तो दोन फाट्यांचा प्रोबही मुळात माणसांच्या बाळांसाठी वापरतात त्याच जातीचा. पट्टीत बसवला की बाळाच्या पायाला, चिमट्यात बसवला की कुत्रीच्या जिभेला.

मशीनच्या पुस्तिकेत शेवटी त्या मशीनला चालणाऱ्या प्रोबची यादी असते. ती त्यांनी उघडून दिली. तिथेच बसून मी वितरकाला बगल देऊन थेट कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन केला. मॉडेल नंबर सांगितला, त्यांनी प्रोबचा नंबर दिला, नांदेडच्या दुसऱ्या दुकानदाराने तो नंबर बघून माल पाठवला. लावला आणि ९४ दिसलं. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून पोटभर रडले, हेही लिहून टाकते.

आता घरातलं. आमच्या डॉक्टरांनी ९२ च्या वर ठेवायला सांगितलं होतं, आणि त्याहून जास्त बजावलं ते असं की १०० दिसावं म्हणून ऑक्सिजनचा काटा वाढवू नका. कमी दिवसांच्या बाळाला जास्त ऑक्सिजन डोळ्यांच्या पडद्याला घातक असतो. शिवाय ऑक्सिजनची नळी लावलेली असताना ऑक्सिमीटर १०० दाखवत असेल तर रक्तात ऑक्सिजन किती जास्त झालाय हे त्यावरून कळतच नाही. तुमच्या बाळाचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, आमचा घेऊ नका.

घरी आलो ते ऐन थंडीत. डिसेंबरात परभणीचा पारा किती उतरतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. पहाटे अलार्म ओरडला, ८४! लेक घाबरून दवाखान्यात निघाली. मी आधी बाळाकडे बघितलं. ओठ गुलाबी, श्वास शांत, पाय मात्र गारठलेला. मग मशीनवरचे ठोके बघितले, ७० च्या आसपास. छातीवर हात ठेवला तर ठोके त्याच्या दुप्पट. एवढ्या लहान बाळाचे ठोके साधारण १२० ते १६० असतात. ठोके जुळत नाहीत म्हणजे शेजारचा आकडाही खरा नाही. पाय हाताने चोळून ऊब दिली, प्रोब दुसऱ्या पायाला लावला, वर मोजा चढवला. ९५. जनावरांचे डॉक्टरही हेच करतात, स्टेथोस्कोपने ठोके मोजतात, ते जुळले तरच टक्केवारीवर विश्वास ठेवतात.

उलटही लक्षात ठेवा. ओठ किंवा जीभ निळसर, छातीच्या बरगड्या आत ओढल्या जातायत, श्वास थांबून थांबून येतोय, तर मशीनवर ९८ असलं तरी रिक्षा काढा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असेल तर तोही वेगाचा धरतात. मोजताना पूर्ण मिनिट मोजा.

प्रोबवर पायमोजा चढवायचं आणखी एक कारण म्हणजे प्रकाश. खिडकीतलं ऊन, ट्यूबलाइट थेट प्रोबवर पडली की आकडा नाचतो. पट्टी घट्ट आवळू नका, रक्त अडलं तरी आकडा पडतो, आणि कातडीला खूण पडते ती वेगळीच. दर तीन-चार तासांनी पाय बदलायचा, रात्रीसुद्धा. आजी लोक उगाच असतात का घरात!

कुत्र्या-मांजरांबद्दल मला बरेच जण विचारतात. बोटाचा चिमटा कुत्र्याच्या कानाला लावून बघू नका. केस आणि काळी कातडी यातून प्रकाश नीट जात नाही, आणि जागं जनावर क्षणभर स्थिर राहत नाही. जिभेचा प्रोब भुलेतल्या जनावरासाठी. तिथेही बराच वेळ एकाच जागी दाब राहिला की आकडा खोटा उतरतो, म्हणून डॉक्टर चिमटा सरकवत राहतात. घरी हिरड्या गुलाबी आहेत का बघा आणि झोपेत श्वास मोजा. शांत झोपलेल्या कुत्र्याचे मिनिटाला ३० च्या आत असतात. सारखे त्याच्या वर जायला लागले तर डॉक्टरांना दाखवा.

शेजारची सून पोटुशी आहे. ती म्हणाली, "काकू, आमच्या बाळाला पण लावून बघू का तुमचं मशीन?" मी नाही म्हटलं. पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळाला घरी हे लावून ठेवल्याने झोपेतला अचानक मृत्यू टळतो असा पुरावा नाही. खोट्या अलार्मने आईची झोप जाते ती वेगळी. तिला मात्र एक सांगितलं : बाळ २४ तासांचं झालं की दवाखान्यात उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावून घे. हृदयातले काही मोठे जन्मजात दोष त्यात सापडू शकतात, सुईही टोचावी लागत नाही. दोन्हीत तीनपेक्षा जास्त फरक निघाला किंवा आकडा ९५ च्या खाली राहिला तर विषय तिथेच सोडू नको.

राहिलंच. लाइट गेली की ऑक्सिजनचं मशीन बंद पडतं पण बॅटरीचा ऑक्सिमीटर चालू राहतो, आणि त्या अंधारात तो आकडा खाली उतरताना बघणं नको वाटतं. छोटा सिलिंडर, त्याची चावी आणि बसणारी नळी खोलीतच ठेवा. जोडायची सवय दिवसा करा.

न चाललेल्या दोन प्रोबच्या पैशांसाठी मी त्या वितरकाला क्रेडिट नोट मागितली आहे. रजिस्टर पत्र पाठवलं, पोच आली. आता ग्राहक आयोगाचा अर्ज भरायला घेतला आहे. सोबत तो रेघांचा व्हिडिओ आणि न चाललेले प्रोब पाकिटांसकट जपून ठेवले आहेत. तुम्हीही पाकिटं फेकू नका.