शिकागोत भेटलेला हसरा पॉलिप

शिकागोला आलेल्या मराठी पाहुण्याला आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नेतात ते विवेकानंदांसाठी. १८९३ची सर्वधर्मपरिषद याच इमारतीत भरली होती, हे आमचे भाऊजी दारातच सांगतात. मग 'अमेरिकन गॉथिक' या प्रसिद्ध चित्रापुढे सेल्फीवाल्यांची झुंबड, मग सरोवर, मग तो वीतभर जाडीचा पिझ्झा (एकदा खाल्ला, पुरे). बाकीचे दिवस मॉलमध्ये गेले.

मला पाहायची होती ती ओदिलों रदों या फ्रेंच चित्रकाराची छापचित्रं, आणि ती भिंतीवर नव्हतीच. उजेडाने कागद खराब होतो म्हणून छापचित्रं पेट्यांत असतात. आधी मेल करून वेळ घ्यायची, पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल चालते. एवढ्या सोपस्कारांनंतर कपाळावर आठी असेल असं वाटलं होतं, पण तिथल्या बाईंनी एकेक चित्र मांडलं आणि अजिबात घाई केली नाही.

ओदिलों रदोंचा 'ले ओरिजिन' हा आठ लिथोग्राफचा, म्हणजे दगडावर काढून छापलेल्या चित्रांचा संच, जीवसृष्टीच्या उगमावरचा. डार्विन गेला १८८२ला, हा निघाला १८८३ला, प्रती अवघ्या २५. बोर्दोतला त्याचा मित्र आर्मां क्लावो वनस्पतिशास्त्रज्ञ. वनस्पती आणि प्राणी यांच्या सीमेवरच्या जीवांमागे लागलेला. दुसऱ्या चित्रात तीच सीमा दिसते. देठावर फूल असायला हवं तिथे डोळा, पापण्यांच्या पाकळ्या, नजर वर. आपल्या रविवर्मा प्रेसचे देवही दगडावरूनच छापलेले, पण तिथे रंगागणिक वेगळा दगड. इथे फक्त काळा. जवळून पाहिलं तर तो सपाट काळा नाहीच, तेलकट खडूचा रवाळपणा दिसतो आणि मधूनच खरवडून काढलेला पांढरा.

तिसऱ्यात पॉलिप, म्हणजे समुद्रातला नळीसारखा मऊ जीव. एक डोळा, राठ केस आणि दात दाखवत हसणं. मी मोठ्याने हसलो. पलीकडच्या टेबलावरच्या अभ्यासकाने मान वर केली. उत्पत्ती म्हटलं की आपल्याला शंखनाद आणि तेजोगोल हवा असतो. रदोंची सृष्टी धडपडत, फसत चाललेली आहे. सातव्यातल्या घोड्याला पंख आहेत, पण उडता येत नाही.

आठव्यात अखेर माणूस. उघडानागडा, गंभीर, आणि अख्ख्या संचात मला तोच कंटाळवाणा वाटला.

बाहेर भाऊजी पार्किंगच्या पैशांवरून वैतागलेले. गाडीत पॉलिपचं वर्णन केलं, तर जेवणभर त्यांचा एकच घोशा: "पण त्याला दात कशाला हवेत?"