तुम्ही विचारलंत म्हणून: कुस्तीत पोराला वरच्या गटात कधी उतरवायचं?

सांगलीत तालीम चालवणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. "वस्ताद, पोरगं ७४ किलोमध्ये सगळ्यांना मारतंय. आता ८६ ला टाकूया का?" विचारणारा बहुतेक वेळा बाप असतो, कधी मामा. पोरगं मागं गप उभं. प्रश्नाच्या पोटात खरा आकडा वेगळाच असतो. महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलोचा, म्हणजे ८६ गाठलं की घरच्यांना गदा दिसायला लागते. आमच्याकडं ते साहजिकच आहे म्हणा. हिंदकेसरी मारुती माने इथल्याच कवठेपिरानचे. २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं पटकावली. स्वप्न बघायला कुणाची ना नाही.

पण काटा काय म्हणतो ते मी शेवटी बघतो. भारी पैलवानाच्या अंगाखाली गेल्यावर पोरगं काय करतं, ते आधी.

बघायचं असतं ते असं. ७४ मधलं चपळ पोरगं एकेरी पटाला, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरायला घुसतं, पाय हातात येतो, समोरचा सावरायच्या आत खेळ आटोपतो. ८६ वाल्यासमोर तोच पट काढला की तो पाय मागं फेकतो आणि कंबर खाली टाकतो. छातीचा सगळा भार पोराच्या मानेवर. गुडघे मॅटला टेकतात. इथं माझी नजर फक्त कोपरावर असते. कोपर बरगडीला चिकटून राहिलं, तर पोरगं अजून डावात आहे. डोकं बाहेर काढेल, पाय ओढेल, काहीतरी करेल. कोपर सुटलं की भारी गडी गर्रकन मागं जातो, कब्जा घेतो, त्याचे २ गुण. मग भारंदाज, म्हणजे कंबरेला मिठी मारून पोराला पाठीवरून लोळवायचं, आणखी २. पकड सैल झाली नाही तर लागोपाठ चार भारंदाज बसतात आणि १० गुणांच्या फरकानं कुस्ती तिथंच संपते. मिनिटभराचाही खेळ नाही. बाप म्हणतो, "ताकदीत कमी पडला." ताकदीचं सोडा, खाली बसायची सवयच नव्हती.

म्हणून वरच्या गटाची तयारी मी डाव शिकवून सुरू करत नाही. पोराला खाली बसवतो, वर दहा-बारा किलोनं भारी जोड टाकतो आणि सांगतो, चीत करायचं नाही, गुण घ्यायचे नाहीत, फक्त सुटायचं. हे कंटाळवाणं काम आहे आणि पोरांना मुळीच आवडत नाही. ७४ मध्ये शड्डू ठोकणाऱ्याला रोज कुणाच्या तरी छातीखाली तोंड दाबून घ्यायचं म्हणजे अपमानच वाटतो. जो तो गिळतो, त्याचं पुढं बघू.

दुसरं, ७४ वरून थेट ८६ ही उडी कशाला? ऑलिंपिकमध्ये मधला गट नाही हे खरं, पण आपल्याकडं ७९ आहे. बारा किलो एकदम वाढवायचे म्हटल्यावर घरात तूप, बदाम, थंडाईचा मारा सुरू होतो. पोट वाढतं, काटा खूश होतो आणि मांड्या आहेत तिथंच. बैठका-सपाट्यांशिवाय चढलेलं वजन पैलवानाचं नव्हे. ते त्यालाच वाहून न्यावं लागतं, तेही दम तुटेपर्यंत. वजन वाढवायचं तर पावसाळ्यात, जत्रा नसतात तेव्हा. महिन्याला किलो-दीड किलोच्या पुढं गेलं की मी आधी पोराला दोरावर चढवून बघतो, स्वतःचं अंग पेलतंय का ते.

वयाच्या गटाचं कुणी विचारतच नाही, आणि पोरं तिथं जास्त पडतात. १७ वर्षांखालच्यांची कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. २० वर्षांखाली गेलं की तीन-तीन. मधली विश्रांती तेवढीच, ३० सेकंद. एकूण दोन मिनिटं वाढली, आणि ज्यानं चार मिनिटांचाच दम कमावलाय तो पाचव्या मिनिटाला हात खाली सोडून उभा राहतो. वजन तेच असलं तरी हा वरचाच गट आहे.

"मग खालीच खेळू दे, वजन तोडून" असंही काही जण म्हणतात. विनेश फोगाट ५३ किलोमधून ५० ला उतरली आणि ७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये सुवर्णाच्या कुस्तीआधी १०० ग्रॅम जास्त भरले म्हणून बाद झाली. तिच्यामागं डॉक्टर, प्रशिक्षक, अख्खी टीम होती. आपण वाढत्या वयाच्या पोराला उपाशी ठेवून, स्वेटर घालून पळवणार आणि संध्याकाळी वर जोर मारायला लावणार. माझ्या तालमीत ते चालत नाही. वाढत्या अंगाला वाढू द्यावं, गट आपोआप मागून येतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये फ्लायवेटला सहावे आले, आणि हेलसिंकीचं कांस्य १९५२ ला मिळवलं ते एक गट वर, बँटमवेटमध्ये. मध्ये चार वर्षं गेली.

पहिली परीक्षा मी जत्रेत घेतो. तिथं काटा नसतो. जोड नजरेनं आणि इनामानं लागते, त्यामुळं भारी गडी सहज मिळतो. छोट्या मैदानात, छोट्या इनामाची कुस्ती. हरला तरी चालेल, बरोबरीत सुटली तर उत्तमच. मात्र माती पाय धरते, गती कमी असते, म्हणून मातीत तग धरला तो मॅटवर धरेलच असं नाही. जत्रा संपल्या की महिनाभर मॅटवर भारी जोडीशी लढती, आणि कोपर जागेवर राहिलं तर जिल्हा निवडीच्या फॉर्मवर ७९ लिहायचं. ८६ चं पुढच्या वर्षी बोलू.