भोपळ्याचा एक गाल तपकिरी

परीकथांची चित्रं काढते म्हटलं की लोकांना वाटतं खिडकीजवळ टेबल, ब्रश, बाहेर पाऊस. असतं तेही. पण माझ्या कामातला सगळ्यात लक्षात राहिलेला दिवस पुण्यातल्या एका ऑफसेट प्रेसमधला आहे. तिथे खिडकी नव्हती, शाईच्या वासानं डोकं चढलं होतं आणि मशीनच्या आवाजात एकमेकांच्या कानात ओरडून बोलायला लागत होतं.

पुस्तक होतं म्हातारी आणि भोपळ्याचं. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत वाघ, कोल्हा, "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होऊन येईन, मग मला खा" आणि येताना भोपळ्यात बसून टुणुक टुणुक. परी नाही, राजवाडा नाही, पण माझ्या मते ही कुठल्याही परीकथेच्या तोडीची गोष्ट आहे. फ्रेंच लेखक शार्ल पेरोनं १६९७ मध्ये सिंड्रेला लिहिली तेव्हा भोपळ्याची बग्गी करायला त्याला परी आणि छडी लागली, आमची म्हातारी तशीच आत बसते आणि निघते.

भोपळ्यासाठी मी मार्केट यार्डातून एक अख्खा लाल भोपळा आणून टेबलावर ठेवला होता. बाहेरून तो लाल नसतोच. हिरवट, मधेच मातकट पिवळे डाग, खाचांमध्ये गडद, अंगावर पांढरट पावडर. प्रकाशकांकडून फोन आला की जरा केशरी करा ना, मुलांना पटकन ओळखू येईल. म्हणजे हॅलोविनचा. मी म्हटलं ज्या मुलांच्या घरात घारगे होतात त्यांना हाच ओळखू येईल, आणि विषय तिथेच संपवला.

दुसरी गोष्ट लुगड्याची. पहिल्या सोळा पानांत म्हातारीचं लुगडं विटकं, धुऊन धुऊन रंग गेलेलं आहे, आणि १७ व्या पानावर ती लेकीच्या ओसरीवर बसलेली दिसते ती नव्याकोऱ्या डाळिंबी लुगड्यात. लेकीनं आईला नेसवलंय. गोष्टीच्या मजकुरात याबद्दल एक अक्षर नाही, ते फक्त चित्रात आहे, आणि चित्रकाराचं काम हेच असतं असं मला वाटतं, लिहिलेलंच परत काढायचं तर मग कशाला काढायचं.

तर प्रेस. पुस्तक ३२ पानांचं, सोळा सोळा पानांचे दोन फर्मे (फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं), दोऱ्याची शिलाई. भोपळ्याचं सगळ्यात मोठं चित्र मी मुद्दाम २४-२५ पानावर ठेवलं होतं, कारण ते दुसऱ्या फर्म्याचं बरोब्बर मधलं पान, तिथे कागद सलग असतो, त्यामुळे दोन पानांवर पसरलेलं चित्र बाइंडिंगमध्ये सरकत नाही. भोपळा अर्धा डाव्या पानावर, अर्धा उजव्या, मधून दोरा.

पहिल्या शीट्स निघाल्या आणि माझं तोंडच उतरलं. लुगडं मेलेलं. डाळिंबी कुठे, विटकरी पण नाही, मळकट काहीतरी. म्हणजे म्हातारी जशी निघाली तशीच लेकीकडे बसलीय, लेकीनं काही दिलंच नाही तिला! प्रूफमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यात, रंग झकास होता, पण प्रूफ काढलं होतं चकचकीत कागदावर आणि पुस्तक छापायचं होतं बिनचकाकीच्या नॅचरल शेड कागदावर, जो शाई पितो आणि रंग खाली बसवतो. त्याच कागदावर प्रूफ काढायला जास्त पैसे पडतात म्हणून ते काढलं नव्हतं. हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

मशीनवर मामा होते, अख्खी प्रेस त्यांना मामाच म्हणते. मी म्हटलं, "मामा, मॅजेंटा वाढवा ना जरा." मॅजेंटा म्हणजे छपाईतली गुलाबीसर लाल शाई. ते काही बोलले नाहीत, कन्सोलवर दोन-तीन बटणं दाबली, थोड्या शीट्स जाऊ दिल्या आणि एक ओढून टेबलावर टाकली. लुगडं उमललं होतं. मी खूश. मग त्यांनी ती शीट उलटी फिरवली आणि भोपळ्यावर बोट ठेवलं.

भोपळा डावीकडे तपकिरी, उजवीकडे हिरवा. मधून रेघ मारल्यासारखा.

हे असं का होतं ते सांगते, कारण हे चित्रकला कॉलेजात कोणी शिकवत नाही. शीटवर पानं १, २, ३ अशी नसतात, घडी घातल्यावर क्रम जुळावा म्हणून उलटसुलट, डोक्याला डोकं लावून बसवलेली असतात. आमच्या शीटवर १७ आणि २४ एका उभ्या पट्ट्यात येत होती, आणि २५ शेजारच्या पट्ट्यात ३२ बरोबर. मशीनमध्ये शाई कमीजास्त होते ती पट्ट्यापट्ट्यानं. त्यामुळे १७ वरच्या लुगड्याला दिलेला मॅजेंटा त्याच पट्ट्यातल्या २४ वरच्या अर्ध्या भोपळ्यालाही मिळाला. आणि मातकट हिरवा हा रंग भयंकर नाजूक, निळा पिवळा आणि थोडा मॅजेंटा असा तोलून धरलेला असतो, मॅजेंटा चिमूटभर वाढला की गेला तपकिरीत.

"सायन, म्हणजे निळी शाई, वाढवून भोपळा सावरता येईल का?"

"लुगडं जांभळं होईल ताई. त्याच पट्ट्यात आहे ना ते."

"प्लेटवर काही?" प्लेट म्हणजे ज्या पत्र्यावरून शाई कागदावर जाते तो, प्रत्येक शाईचा वेगळा.

"प्लेटवरचं पुसता येतं, वाढवता येत नाही." आणि मग शांतपणे, "पोरं भोपळा बघणार. लुगडं ऱ्हाऊ द्या."

मामांचं म्हणणं चूक नव्हतं, त्यांच्यामागे दुसरं काम रांगेत होतं आणि मशीन थांबलं की मीटर चालू राहतो. प्रकाशकांना फोन लावला तर तेही तेच म्हणाले, मुलांना काय कळतंय, जाऊ द्या. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता चिडायची पण नाही, पण त्या दिवशी चिडले. म्हटलं १७ नंबरचं पान ज्या शीटवर आहे तिची मॅजेंटाची एकच प्लेट नवीन काढू, फाइलमध्ये फक्त लुगड्यातला मॅजेंटा वाढवून, म्हणजे मशीनची सेटिंग भोपळ्याची राहील आणि लुगडं आपोआप वर येईल. प्लेटचे पैसे माझ्या मानधनातून कापा. पलीकडे जरा शांतता. मग "बरं."

(कापले. अगदी वेळेवर कापले.)

प्लेट येईपर्यंत मी कागदाच्या रिमांवर बसून राहिले आणि डोक्यात जुनी चित्रकार मंडळी फिरत होती. इंग्लंडच्या आर्थर रॅकहॅमची रंगीत चित्रं १९०५ च्या सुमारास तीन रंगांच्या प्रोसेसनं वेगळ्या गुळगुळीत कागदावर छापून पुस्तकात चिकटवायचे, आणि त्याचे रंग बघा, सगळे दबलेले, मातकट, वर काळ्या शाईची रेघ, म्हणजे रंग इकडेतिकडे सरकला तरी रेघ चित्र धरून ठेवते. रशियाचा बिलिबिन तर आधी शाईची ठाम बाह्यरेषा काढायचा आणि आत सपाट रंग भरायचा, लिथोच्या, म्हणजे दगडावरून होणाऱ्या छपाईला अगदी सोयीचं. आपल्याकडे रवि वर्म्यानं १८९४ साली मुंबईत प्रेस काढली, पुढे ती मळवलीला गेली, तिथे एकेका रंगासाठी वेगळा दगड. या लोकांना मशीन काय करणार हे चित्र काढतानाच माहीत असायचं. माझा भोपळा मात्र नुसत्या वॉशचा, म्हणजे पातळ पाणीदार रंगाचा, एकही रेघ नाही, आणि तो तसाच हवा होता मला, रेघ आली की भोपळा कडक दिसतो, टुणुक होत नाही.

प्लेट आली. मामांनी ती चढवली, कोपऱ्यातल्या फुल्या भिंगाखाली जुळवल्या, मॅजेंटा केसभर सरकत होता तो आणला जागेवर. शीट ओढली. लुगडं डाळिंबी, भोपळा दोन्ही गालांनी हिरवा. मला वाटलं झालं, पण मामाच म्हणाले, "लुगडं अजून थोडं तापवायला पायजे. उद्या सकाळपर्यंत वाळून बसेल खाली." म्हणजे ओल्या शीटवर जे बघतोय ते पुस्तकात दिसणारच नाही, हिशोब उद्याचा करायचा! मघाशी लुगडं ऱ्हाऊ द्या म्हणणारे हेच. मग माझ्याच कपाळाला आठी, भोपळ्याला लागेल ना? त्यांनी इतकं कमी वाढवलं की २४ वर भिंग लावूनही मला फरक सापडला नाही. कसं ते विचारलं तर नुसते हसले. मी त्या शीटवर सही केली, वेळ टाकली, आणि मशीननं वेग घेतला.

तेव्हापासून माझ्या कोटेशनमध्ये दोन ओळी जास्तीच्या असतात: प्रूफ त्याच कागदावर, आणि छपाईच्या दिवशी चित्रकार हजर, त्याचे वेगळे पैसे. पहिल्या ओळीवर सगळे थोडी घासाघीस करून तयार होतात. दुसरी वाचून एकानं विचारलं, "तुम्ही तिथे येऊन नक्की काय करणार?"