अंबरच्या दारातलं दुकान

डिसेंबरात स्वीडनमधल्या माल्मोमध्ये भर दुपारी बारालासुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर येतो आणि साडेतीनच्या सुमाराला मावळतो. दुकानं सजवणाऱ्या आम्हा लोकांना रंगांचे नमुने तेवढ्या वेळातच तपासून घ्यावे लागतात. त्या दिवशी काम होतं ह्युली स्टेशनजवळच्या एम्पोरिया मॉलमध्ये.

वास्तुकार गेर्ट विंगोर्ड यांच्या कचेरीने आखलेला हा मॉल २०१२ साली उघडला. त्याचं एक दार समुद्राच्या रंगाचं, दुसरं अंबरच्या. अंबर म्हणजे सूचिपर्णी झाडांची, कोट्यवधी वर्षांत खडा होऊन बसलेली राळ. बाल्टिकच्या किनाऱ्यावर वादळानंतर ती आजही सापडते. दारातली प्रचंड काच त्याच मधाळ रंगाची, आणि एकाच नव्हे, दोन्ही दिशांनी वळलेली. आमच्या ग्राहकाचं दुकान या काचेलगतच्या गाळ्यात येणार होतं. घरसजावटीचा माल, आणि मागणी एकच: सगळं फिकट, थंड, ‘नॉर्डिक’.

मी नमुने मांडले. साबणाच्या पाण्याने राखलेला पांढुरका ओक (इथे लाकूड पिवळं पडू नये म्हणून तेलाऐवजी साबण वापरायची जुनी पद्धत आहे), बर्चचा प्लाय आणि करड्या-निळ्या लोकरीचा नमदा. ओक एकदम हळद लावल्यासारखा दिसायला लागला. निळा नमदा तर मेलाच. काळपट हिरवा म्हणावा की मातकट, कळेना. बाहेर ढगाळ आकाशाचा निळसर उजेड होता, पण त्यातला निळा भागच ती काच अडवत होती. जो रंग उजेडातच नाही, तो कापड परत कुठून पाठवणार?

ग्राहकाचा उपाय तयार होता: दर्शनी भागात पांढरेफटक झगझगीत दिवे लावून पिवळेपणा मारायचा, आणि ‘निसर्ग’ हवा म्हणून प्लास्टिकच्या पानांची भिंत उभी करायची. बर्चच्या देशात प्लास्टिकचा पाला!

जेवणाच्या सुट्टीत आमची मुख्य डिझायनर मला छतावर घेऊन गेली. वर सुमारे २७,००० चौरस मीटरची बाग आहे. त्यातलं सेडम (जाड पानांची बुटकी वनस्पती) थंडीने तांबूस झालं होतं, वारा कान कापत होता. “उन्हाळ्यात हे हिरवं असतं,” ती म्हणाली. “म्हणून आत्ता कुणी त्याला रंग देतं का?” मला हे जरा नाटकी वाटलं, पण मुद्दा पटला.

खाली येऊन आम्ही आराखडा फिरवला. पुढचे काही मीटर काचेच्या हवाली केले: तिथे २७०० केल्विनचे (हा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळा) उबदार दिवे, गडद लाकूड, तांब्याची भांडी. मग हळूहळू थंड होत जाणारा उजेड, आणि पार मागे, काचेचा रंग पोचत नाही तिथे, ४००० केल्विनच्या दिव्यांखाली निळा नमदा आणि साबणाचा ओक. मागच्या भिंतीशी धरल्यावर नमदा पुन्हा निळा दिसला, तेव्हा ग्राहकानेही मान डोलावली.

दिव्यांवर त्याने सही केली. पानांची भिंत मात्र सोडली नाही. मग तिची धूळ दर आठवड्याला पुसायचा खर्च आम्ही कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहिला.