पहिल्या घोटातच चांगले जंतू: हॅचरीतला माझा अनुभव

खुडूक कोंबडीखाली निघालेलं पिल्लू पहिल्याच दिवशी आईच्या शीत चोच मारतं आणि तिच्या आतड्यातले जंतू त्याच्या पोटात जातात. अंडी उबवण्याच्या यंत्रातल्या पिल्लाला ही सोय नाही. त्याचं आतडं जवळजवळ कोरं असतं. साल्मोनेला हा रोगाचा जंतू आधी पोचला, तर अगदी थोडेसे जंतूही तिथे ठाण मांडतात. मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू आधी पाजले तर पिल्लं तग धरतात, हे फिनलंडमध्ये नुर्मी आणि रांताला या संशोधकांनी १९७३ साली दाखवलं. हे जंतू आतड्याच्या अस्तराला चिकटून जागा अडवतात आणि साल्मोनेलाला न मानवणारी आम्लं तयार करतात.

पण म्हणून घरच्या कोंबडीची शी कालवून पाजू नका. तिच्यासोबत कॉक्सिडिया (आतड्यातले परजीवी) आणि साल्मोनेलाही पाजाल. बाजारातली प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जंतूंची, पावडर घ्या. तिच्यात बहुधा लॅक्टोबॅसिलस किंवा बॅसिलस हा जंतू असतो. पूर्ण आतड्याच्या मिश्र जंतूंइतकं बळ तिला नसतं, पण ती सुरक्षित आहे. वाड्यावर कुणी ताक पाजतात. त्याने अपाय होत नाही, मात्र दह्यातले जंतू पिल्लाच्या आतड्यात फारसे टिकत नाहीत.

आम्ही पिल्लं सुकली की खाद्याच्या आधी पाणी देतो, त्यातच पावडर. मात्रा पाकिटावरची. खरी अडचण पाण्याची: नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारतं, आणि सगळी मेहनत पाण्यात! आम्ही विहिरीचं पाणी उकळून गार करतो. नळाचंच वापरायचं तर लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेली दूध पावडर घालून वीस मिनिटं थांबायचं, मग प्रोबायोटिक. भांडी ब्लीचने धुतली असतील तर दोनदा खळबळून घ्या. कालवलेलं पाणी दोन-तीन तासांत संपेल एवढंच करा. आपल्या उकाड्यात ते लवकर आंबतं.

पिल्लं आली की ‘खबरदारी’ म्हणून अँटिबायोटिक देण्याची खोड अनेकांना आहे. दोन्ही एकत्र दिलं तर पावडरीचे पैसे फुकट. औषध खरंच लागलं तर ते संपल्यावर प्रोबायोटिक पुन्हा सुरू करा.

याने काय होत नाही तेही लक्षात घ्या. पांढऱ्या हगवणीचा जंतू आईकडून अंड्यातच येतो, तो पावडरीने थांबत नाही. त्यासाठी अंडी देणाऱ्या कळपाची रक्त तपासणीच हवी. बेंबीतून शिरणारा इ. कोलाय हा जंतूही पावडरीने थांबत नाही, आणि बेंबी उघडी राहण्याचं एक कारण दमटपणा. गोव्याच्या पावसाळ्यात हवाच इतकी दमट की अंड्यातलं पाणी उडत नाही. अठराव्या दिवसापर्यंत वजन १२ ते १३ टक्के घटायला हवं. ते घटलं नाही तर पिल्लं फुगीर पोटाची, उघड्या बेंबीची निघतात. आम्ही जून ते सप्टेंबर यंत्रातला पाण्याचा ट्रे अर्धा झाकतो, कधी काढूनच ठेवतो, आणि दहा अंडी खूण करून दर आठवड्याला वजन करतो.