स्मरणिकेची डमी

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका यंदा माझ्या गळ्यात पडली. 'तू कॉम्प्युटरवाला ना?' एवढीच पात्रता विचारली गेली.

लॅपटॉप मी मुद्दाम बंद ठेवला. ए-फोरचे १० कागद मधोमध दुमडून पिना मारल्या, की ए-फाइव्हची ४० पानांची डमी, म्हणजे कोरी नमुना-पुस्तिका, तयार. सेंटर पिनला पानं ४ च्या पटीतच जमतात, त्यामुळे 'दोनच पानं वाढव ना' हा आग्रह तिथेच निकालात निघाला.

डमीत आधी बसवल्या जाहिराती. खर्च त्यांच्यावरच निघतो. मलपृष्ठ, कव्हरच्या आतल्या बाजू, मधलं जोडपान, मग उजव्या हाताची पानं. सराफाची जाहिरात अध्यक्षांच्या मनोगतासमोर चालते, पण श्रद्धांजलीसमोर मिठाईवाला नको! स्क्रीनवर एकेक पान बघताना हे लक्षात येत नाही.

मग अक्षरं. ए-फाइव्हची रुंदी १४८ मिलिमीटर. त्यात मराठीचे दोन कॉलम मला पटत नाहीत. लांब शब्द आले आणि जस्टिफाय केलं, म्हणजे ओळी दोन्ही कडांना ताणून बसवल्या, की ओळीत भगदाडं पडतात. म्हणून एकच कॉलम. फॉन्ट मुक्ता, मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, फुकट मिळणारा. साइझ ११ पॉइंट आणि ओळींचं अंतर १७. इंग्रजीच्या सवयीने १३ ठेवून प्रिंट काढली, तर 'कृतज्ञता'मधला ऋकार खालच्या ओळीतल्या 'कीर्ती'च्या रफाराला जाऊन भिडत होता. जुने लेख श्री-लिपी या युनिकोडआधीच्या फॉन्टमधले. कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणले, तरी जोडाक्षरं डोळ्यांनीच तपासावी लागली.

फोटो अर्थातच व्हॉट्सॲपवरून आले. छपाईच्या ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले, तर १२०० पिक्सेल रुंद फोटो जेमतेम ४ इंच भरतो. ब्लीडसकट, म्हणजे कापणीसाठी कडेबाहेर सोडलेल्या भागासकट, पानभर हवा, तर रुंदीलाच १८०० च्या वर लागतात. त्यामुळे बरेच मान्यवर पाव पानात मावले. रुसवेफुगवे झाले, इलाज नव्हता.

प्रेसवाल्या काकांनी पीडीएफ उघडून पहिल्यांदा मजकुराचा काळा रंग बघितला. तो छपाईच्या चारही रंगांत गेला आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर जरी हललं, तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा येते. सिंगल ब्लॅक, म्हणजे नुसत्या काळ्या शाईतला, आहे म्हटल्यावर ते पुढच्या पानाकडे वळले.

छपाईच्या तोंडावर खजिनदार पानभर जाहिरात घेऊन आलेच. त्यासाठीच ३७ व्या पानावर बाप्पाचं एक रेखाचित्र टाकून ठेवलं होतं. ते काढून तिथे टूर्सवाल्यांना बसवलं. बाकी एकही पान हललं नाही.